‘त्यांना काही सांगू नका’: गंभीर आजारातील रुग्ण आणि कुटुंबीय यांच्या अनुभवांवर परिचर्या-संशोधन कसे करावे

कॅन्सरच्या वॉर्डात संशोधनासाठी मुलाखत घ्यायला निघालेल्या परिचारिकेला पहिला अडथळा रुग्णाकडून क्वचितच येतो. तो दारातच भेटतो. रुग्णाचा मुलगा किंवा पुतण्या तिला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगतो, “सिस्टर, काय विचारायचं ते विचारा, पण त्यांना काही सांगू नका. साधी गाठ आहे एवढंच त्यांना माहीत आहे.” आपल्याकडे गंभीर आजाराच्या अनुभवांवर संशोधन करायचे असेल, तर या वाक्याचा विचार प्रश्नांची यादी करण्याआधी करावा लागतो, कारण संमतीपत्रात काय लिहायचे, प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचे आणि मिळालेल्या उत्तरांचा अर्थ कसा लावायचा, हे सारे त्यावर अवलंबून असते. पुढील मजकूर एम.एस्सी. नर्सिंगचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि नोकरी सांभाळून छोटा अभ्यास करू पाहणाऱ्या परिचारिकांसाठी आहे. उदाहरणे मुख्यतः कॅन्सरची घेतली आहेत. मात्र डायलिसिसवरचे रुग्ण, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली माणसे आणि त्यांची घरे यांनाही यातील बरेचसे लागू पडेल. मधूनमधून आलेली बोलण्याची उदाहरणे कोणा एका रुग्णाची नाहीत. वॉर्डात नेहमी कानावर पडते तशा बोलण्यावरून ती रचली आहेत.

प्रश्न आधी, पद्धत नंतर

आपल्याकडील बहुतेक प्रबंध ‘ज्ञान व दृष्टिकोन’ मोजणाऱ्या प्रश्नावलीकडे वळतात, कारण ती पंधरा दिवसांत भरून होते आणि तिचे कोष्टक मांडता येते. किती जणांना काय माहीत आहे, हे विचारायचे असेल तर प्रश्नावली योग्यच आहे. परंतु एखादी गोष्ट भोगणाऱ्याला ती कशी वाटते, हे जाणून घ्यायचे असेल, तर मोजपट्टी फसते आणि ती फसल्याचे आपल्या लक्षातही येत नाही. रुग्णाची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांवरील भार मोजण्यासाठी झॅरिट यांची बावीस प्रश्नांची मोजपट्टी जगभर वापरली जाते. तिच्या धर्तीवर एखाद्या सुनेला आपण विचारतो, “सासूबाईंचं करण्याचं तुम्हाला ओझं वाटतं का?” ती लगेच उत्तरते, “ओझं कसलं? आपलंच माणूस आहे.” उत्तर प्रामाणिक असते. दोन वर्षांत ती एकदाही माहेरी गेलेली नाही, तिची कंबर धरली आहे, रात्री चार वेळा उठावे लागते, हेही तितकेच खरे असते. मराठी घरात माणसाचे ओझे झाले असे म्हणणे हा एक प्रकारचा द्रोह समजला जातो, त्यामुळे त्या शब्दाला ‘नाही’ हेच उत्तर मिळते. तिलाच “काल सकाळी उठल्यापासून रात्री आडवं होईपर्यंत काय काय झालं, सांगाल का?” असे विचारले, की ओझे हा शब्द न उच्चारता ती तासभर त्याविषयीच बोलते.

‘कॅन्सर रुग्णांचे अनुभव’ हा संशोधनाचा प्रश्न होत नाही, ते फार तर एखाद्या कपाटाचे नाव होईल. प्रश्नाला काळ, जागा आणि माणूस यांची कड हवी. पहिल्या केमोनंतर रुग्ण घरी आल्यावरचे दोन आठवडे त्याची पत्नी कसे निभावते? आता उपचार नाही असे कळल्यावर रुग्णाला गावी नेण्याचा निर्णय घरात कसा होतो? मुंबईत १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी उपचारांच्या फेऱ्यांमध्ये मुक्काम करतात. या मुक्कामात घरापासून दूर, ओळखीच्या कोणाशिवाय, एकच नातेवाईक सोबत असताना रुग्ण दिवस कसे काढतो, हाही एक नेमका प्रश्न आहे. असा प्रश्न सापडला की पद्धतीची निवड फारशी अवघड राहत नाही.

अशा प्रश्नांना परिचर्येत जुनी परंपरा आहे. सिसिली सॉन्डर्स या आधी परिचारिका, मग वैद्यकीय समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या काळातील रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था, सुरू करण्याच्या कितीतरी आधीपासून त्या मृत्यूच्या छायेतील रुग्णांचे बोलणे टिपून ठेवत आणि ध्वनिमुद्रितही करत. दुखणे पाठीपासून सुरू झाले, पण आता सगळी मीच बिघडले आहे, अशा आशयाचे एका रुग्ण स्त्रीचे बोलणे त्यांनी नोंदवले आणि शरीर, मन, नाती व श्रद्धा या सर्वांना व्यापणाऱ्या समग्र वेदनेची कल्पना अशा बोलण्यांतून आकाराला आली. रुग्णाच्या एका वाक्याचे वजन केवढे असू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, मुंबईत १९८६ साली सुरू झाले आणि पुढे गोव्यातही त्याची शाखा निघाली.

दारातल्या त्या वाक्याचाही अभ्यास झालेला आहे. १९६०च्या दशकात बार्नी ग्लेसर आणि अन्सेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी जीन क्विंट या परिचारिकेला सोबत घेऊन सॅन फ्रान्सिस्को परिसरातील रुग्णालयांत मरणासन्न रुग्णांभोवती कोणाला काय माहीत असते याचे निरीक्षण केले. त्यांना चार अवस्था आढळल्या: रुग्णाला काहीच माहीत नाही, त्याला संशय आहे, त्याला आणि इतरांना माहीत आहे, पण सगळेच माहीत नसल्याचे सोंग वठवतात, आणि सर्व काही उघड आहे. आपल्या घरांत तिसरी अवस्था इतकी ओळखीची आहे, की अभ्यास अमेरिकेतला आहे हे वाचताना विसरायला होते. मात्र त्यांच्या चौकटी उचलून आपल्या रुग्णांवर बसवू नयेत. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडलेल्या, मृत्यूला सामोरे जाण्याच्या पाच टप्प्यांचे आपल्याकडे हेच झाले आहे. रुग्ण गप्प बसला की विद्यार्थी समासात ‘नकार’ किंवा ‘नैराश्य’ लिहून मोकळे होतात, आणि तो कशामुळे गप्प बसला हे विचारायचे राहून जाते.

पद्धतीविषयी थोडक्यात. एखादी प्रक्रिया उलगडायची असेल तर ग्लेसर-स्ट्रॉस यांची, गोळा केलेल्या माहितीतूनच सिद्धांत उभारणारी ग्राउंडेड थिअरी उपयोगी पडते, आणि अनुभवाचे सार शोधायचे असेल तर कोलाइझी यांची सात पायऱ्यांची घटनाशास्त्रीय पद्धत. पहिल्याच अभ्यासासाठी ब्रॉन आणि क्लार्क यांनी २००६ साली मांडलेले सहा टप्प्यांचे आशयसूत्र-विश्लेषण, म्हणजे मुलाखतींतून जाणारे अर्थाचे धागे शोधणे, पुरेसे आहे, असे माझे मत आहे. हुसर्ल किंवा हायडेगर हे घटनाशास्त्राचे तत्त्वज्ञ न वाचता शीर्षकात ‘घटनाशास्त्रीय अभ्यास’ लिहिण्यापेक्षा ते अधिक प्रामाणिक ठरते. किती मुलाखती, हा प्रश्न मार्गदर्शक पहिल्याच भेटीत विचारतात. घाना आणि नायजेरियातील साठ मुलाखतींच्या आधारे गेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवले, की सहभागी बऱ्यापैकी एकसारख्या गटातील असतील तर नवे संकेत (कोड, म्हणजे बोलण्याच्या तुकड्यांना दिलेली अर्थाची नावे) बहुतांशी पहिल्या बारा मुलाखतींतच येऊन जातात. बारा हा आकडा मात्र नियम म्हणून वापरू नये. रुग्ण, पत्नी आणि मुलगा अशा तिघांकडून तीन वेगळ्या गोष्टी ऐकायच्या असतील, तर बारा मुलाखतींत प्रत्येकाच्या वाट्याला चारच येतात.

समितीपुढे जाताना आणि संमती घेताना

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे मुलाखतींच्या अभ्यासालाही लागू आहेत. आपण औषध देत नाही, फक्त बोलणार आहोत, म्हणून मंजुरी नको, हा गैरसमज आहे. नैतिकता समितीत सात ते पंधरा सदस्य असावेत, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा, असे ही तत्त्वे सांगतात. २०१९च्या नियमांनुसार अशा समित्यांना आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी करावी लागते. तुमच्या महाविद्यालयाची समिती नोंदलेली आहे का, हे अर्ज करण्याआधी विचारून घ्यावे. समितीत डॉक्टर अधिक असतील तर ‘एवढेच रुग्ण?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर प्रस्तावातच, पद्धतीच्या प्रकरणात, तयार ठेवावे.

माहितीपत्रक मराठीत लिहिताना इंग्रजी नमुन्याचा अनुवाद करू नये. ‘संशोधन’ हा शब्द अनेक रुग्णांना ‘आपल्यावर प्रयोग’ असा ऐकू येतो, म्हणून पहिल्याच परिच्छेदात सांगावे, की यात कोणतेही औषध, इंजेक्शन किंवा तपासणी नाही, फक्त बोलणे आहे. सहभाग नाकारला तरी उपचार बदलणार नाहीत, हे वाक्य प्रत्येक नमुन्यात असते. पण रुग्णाची खरी भीती बहुधा वेगळी असते. आपली फाइल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मंजूर व्हायची आहे आणि सिस्टरला नाही म्हटले तर ती अडेल, अशी शंका त्याच्या मनात असू शकते. म्हणून योजनेचा उल्लेख नावानिशी करून, या मुलाखतीचा तिच्याशी काही संबंध नाही, असे स्पष्ट लिहावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मजकूर निःपक्ष साक्षीदारासमोर वाचून दाखवावा आणि अंगठा घ्यावा. तो साक्षीदार तुमच्याच वॉर्डातील मावशी किंवा मामा नसावा.

आता आजाराच्या नावाचा प्रश्न. माहितीपत्रकाच्या डोक्यावर ‘कर्करोगग्रस्त रुग्णांचे अनुभव’ असे छापले, तर ज्याला निदान सांगितलेले नाही त्याला ते कागद सांगतो, आणि त्याची जबाबदारी घ्यायला तिथे कोणी हजर नसते. उलट खोटे शीर्षक देणे ही फसवणूक आहे. यातून निघणारा मार्ग असा: शीर्षक ‘गंभीर आजारावर उपचार घेणाऱ्या व्यक्ती आणि त्यांचे कुटुंबीय यांचे अनुभव’ असे खरे पण व्यापक ठेवावे, ते तसे का ठेवले हे समितीला लेखी कळवावे, आणि रुग्णाशी बोलताना पहिला प्रश्न “डॉक्टरांनी तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय सांगितलंय?” हा असावा. उत्तरात तो जो शब्द वापरेल तोच शब्द शेवटपर्यंत आपणही वापरावा. तो ‘गाठ’ म्हणाला तर गाठ, ‘मोठं दुखणं’ म्हणाला तर मोठं दुखणं. त्याने स्वतःहून कॅन्सर म्हटले तरच आपण म्हणावे.

मुलाखतीच्या मध्येच रुग्णाने विचारले, “सिस्टर, खरं सांगा, मला कॅन्सर आहे का?” तर काय करायचे, हे आधी ठरवून, वरिष्ठांशी बोलून, प्रस्तावात लिहून ठेवावे. तेथे खोटे बोलता येत नाही आणि संशोधक म्हणून निदान सांगण्याचा अधिकारही आपल्याला नाही. “हा प्रश्न तुमच्या मनात कधीपासून आहे?” असे विचारून आधी ऐकावे, आणि मग म्हणावे, “तुम्ही सांगाल तर तुम्हाला डॉक्टरांशी याबद्दल बोलायचंय, हे मी त्यांच्यापर्यंत पोहोचवते.” तसे खरोखर पोहोचवावे आणि त्याची नोंद ठेवावी. दारातल्या मुलालाही आधीच स्पष्ट सांगावे, की मी आजाराचे नाव काढणार नाही, पण त्यांनी विचारले तर खोटेही बोलणार नाही. हे ऐकून काही कुटुंबे नकार देतील. तो नकार मान्य करावा; मात्र कुटुंबाचा होकार म्हणजे रुग्णाची संमती नव्हे, ती वेगळीच घ्यावी लागते. घरातील लहान मुलांशी बोलायचे असेल तर पालकांच्या संमतीबरोबर सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची मान्यताही लागते.

आपण काम करतो त्याच वॉर्डातील रुग्ण शक्यतो घेऊ नयेत. जिच्याकडून सकाळी सलाइन लावून घेतले तिला दुपारी नाही म्हणणे कोणालाही जड जाते. नात्याच्या हाकांचेही तसेच आहे. काकू, आजी, दादा म्हणणे आपल्या बोलण्याचा भाग आहे आणि ‘श्रीमती अमुक’ म्हटले तर संवादच होणार नाही. पण नाते लावले की नकार देणे अवघड होते, हे संशोधकाने मनात ठेवलेच पाहिजे. म्हणून संमती एकदाच सहीपुरती न घेता प्रत्येक भेटीच्या सुरुवातीला आणि एखादा अवघड विषय निघाल्यावर पुन्हा विचारावी: “काकू, यावर बोलायचं का, की राहू दे?”

मुलाखत

वॉर्डात सकाळच्या राउंडनंतर आणि जेवणाआधी थोडी शांतता असते. संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत मुलाखत ठेवू नये. केमोच्या दिवशी किंवा शेक घेऊन आल्याबरोबर रुग्णाला बसवू नये. रेडिएशनला बहुतेक जण शेक किंवा लाइट म्हणतात, तुम्हीही तेच म्हणावे. गणवेशात जाऊ नये, पण आपण परिचारिका आहोत हे लपवूही नये. पंख्याखाली ठेवलेला मोबाइल फक्त पंखा रेकॉर्ड करतो, म्हणून आधी दोन मिनिटे तपासून पाहावे; फोन फ्लाइट मोडवर टाकावा आणि ध्वनिफिती आपोआप क्लाउडवर जाणार नाहीत अशी सोय आधीच करावी. गंभीर आजारी माणसाबरोबर तीस-चाळीस मिनिटे पुष्कळ होतात. दोन छोट्या भेटी एका मोठ्या भेटीपेक्षा चांगल्या, आणि दुसऱ्या भेटीत माणूस पहिल्या भेटीत गाळलेले सांगतो, असा अनेकांचा अनुभव आहे.

पहिला प्रश्न सोपा आणि लांब उत्तराचा असावा: “हे सगळं कसं सुरू झालं, ते पहिल्यापासून सांगाल का?” ‘तुम्हाला काय वाटलं?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांचा आवडता असतो, पण मराठी माणूस त्यावर “काय वाटणार? वाईट वाटलं,” असे म्हणून थांबतो. भावना थेट विचारून मिळत नाहीत, त्या घटनेच्या तपशिलातून येतात. “रिपोर्ट कोणी आणला? तेव्हा घरात कोण होतं? मग कोणाला फोन केला?” असे विचारत गेले, की रिपोर्टची पिशवी दोन दिवस धान्याच्या डब्यामागे ठेवली होती, हे बाहेर येते. पैशांबद्दलही तसेच. “आर्थिक अडचण आली का?” असे न विचारता “पैशांची जुळवाजुळव कशी केली?” असे विचारावे, मग दागिने, उसनवारी, बैलजोडी, भावाशी झालेला अबोला हे सगळे क्रमाने येते. तुम्ही लिहून नेलेले दहा प्रश्न आठवणीसाठी आहेत, ते त्याच क्रमाने विचारलेच पाहिजेत असे नाही.

शांतता सहन करता येणे हे या कामातले सर्वांत अवघड कौशल्य आहे, विशेषतः परिचारिकेसाठी, कारण आपल्याला हाताला काहीतरी काम लागते. रुग्ण थांबला की आपण उशी नीट करतो, पाणी देतो, धीर देतो. “काही होणार नाही, काका,” हे वाक्य ध्वनिफितीत ऐकू आले, की त्यापुढे रुग्णाने काही महत्त्वाचे सांगितलेले क्वचितच सापडते. मनात दहापर्यंत अंक मोजावेत. बहुतेक वेळा सातव्या-आठव्या अंकाला तो पुन्हा बोलू लागतो.

घरी जाऊन मुलाखत घेताना एकांत मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. दोन खोल्यांच्या घरात सासू, शेजारीण, शाळेतून आलेले मूल अशी सगळी असतात आणि त्यांना बाहेर काढणे असभ्य वाटते. सुनेशी वेगळे बोलायचे असेल तर ती भाजी आणायला निघते तेव्हा सोबत जाऊन बोलता येईल का, हे तिलाच विचारावे. ते जमत नसेल तर ती मुलाखत ‘एकत्र’ म्हणून नोंदवावी आणि कोण केव्हा मध्ये बोलले हे लिहावे. सून बोलत असताना सासूने वाक्य पूर्ण केले, तर तीही माहितीच आहे. चहा नाकारू नये.

रडू आले तर लगेच बंद करू नये आणि रेटूही नये. “थोडं थांबूया का?” असे विचारावे, रेकॉर्डर बंद करायचा की नाही हे रुग्णाने ठरवावे. बऱ्याच जणांना रडून झाल्यावर पुढे बोलायचेच असते. वैद्यकीय समाजसेवक, समुपदेशक आणि ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही मदतवाहिनी यांची माहिती कागदावर छापून सोबत ठेवावी आणि कोणी मागेपर्यंत वाट न पाहता शेवटी प्रत्येकाला द्यावी. मात्र रुग्णाला वेदना होत असतील, उलट्या थांबत नसतील किंवा घरात त्याची आबाळ होत असेल, तर संशोधक क्षणभर बाजूला ठेवून परिचारिका व्हावे. वेदनेची नोंद करून मुलाखत पुढे चालवणे हा माझ्या मते अक्षम्य अपराध आहे. रुग्णाला सांगून वॉर्डच्या सिस्टरला कळवावे आणि हे केल्याचे प्रबंधात लिहावे. त्याने तुमच्या संशोधनाची वस्तुनिष्ठता डागाळत नाही.

मृत्यूनंतर कुटुंबीयांशी बोलायचे असेल तर निदान तीन महिने जाऊ द्यावेत आणि वर्षश्राद्धाच्या, तसेच पहिल्या सणाच्या आसपासचे दिवस टाळावेत. पहिला संपर्क पत्राने किंवा ओळखीच्या समाजसेवकामार्फत करावा. अचानक आलेल्या फोनवर रुग्णालयाचे नाव ऐकून माणसाच्या पोटात धस्स होते.

त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, दोन पाने लिहावीत: खोली कशी होती, कोण कोठे बसले होते, काय न बोलता सांगितले गेले, आणि आपल्याला स्वतःला काय झाले. पहिल्या मुलाखतीच्या आधीही, या आजाराविषयी आपले पूर्वग्रह काय आहेत, आपल्या घरात कोणाला असा आजार झाला होता का, हे लिहून ठेवावे. दिवसाला एकाहून अधिक मुलाखत घेऊ नये, आणि मार्गदर्शकाशी किंवा सहकाऱ्याशी आठवड्यातून एकदा आपल्या मनाविषयी बोलावे. वॉर्डात मृत्यू पाहिलेल्या परिचारिकांना याची गरज नाही असे समजले जाते. मृत्यू पाहणे निराळे आणि त्याविषयी तासभर ऐकून घेणे निराळे.

शब्दांकन मराठीतच

तासाभराच्या ध्वनिफितीच्या शब्दांकनाला निदान चार ते सहा तास लागतात. ते दुसऱ्याकडून करून घेऊ नये, कारण विश्लेषणाची सुरुवात तेथेच होते. आणि येथे मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे: शब्दांकन मराठीत करा, कोडिंग मराठीत करा, आशयसूत्रांची नावे मराठीत द्या, आणि इंग्रजी अनुवाद अगदी शेवटी, फक्त प्रबंधात घ्यायच्या अवतरणांपुरता करा. प्रबंध इंग्रजीत लिहायचा असतो म्हणून बहुतेक विद्यार्थी ऐकता ऐकताच इंग्रजीत लिहितात. अशा वेळी मुलाखत हाती राहते, पण अनुभव निसटतो.

काय निसटते ते पाहा. “दोन वर्षं मी त्यांचं केलं,” असे पत्नी म्हणते. कशाचे काय केले, हे ती सांगत नाही. ‘त्यांचं करणं’ या दोन शब्दांत अंघोळ, भरवणे, बेडपॅन, रागावणे सोसणे हे सारे येते आणि कर्तव्याचा सूरही येतो. इंग्रजीत त्याचे ‘काळजी घेतली’ एवढेच होते. ‘काळजीवाहक’ हा शब्द आपण प्रबंधात वापरतो, पण मुलाखतीत तो कोणाच्याही तोंडून ऐकलेला नसतो. ‘दुखणं’ म्हणजे वेदनाही आणि आजारही. रुग्ण कोणत्या अर्थाने बोलतो हे संदर्भावरून ठरवावे लागते, आणि कधी कधी तो दोन्ही अर्थांनी बोलत असतो. ‘अंगावर काढलं’ याचे ‘उपचारास विलंब’ असे भाषांतर केले, की त्यातला सोशिकपणाचा अभिमान आणि नंतरचा पस्तावा दोन्ही नाहीसे होतात. ‘भोग आहेत’ या शब्दांना सरसकट ‘दैववाद’ अशी चिठ्ठी लावू नये. पुष्कळदा ते बोलणे संपवण्याचे सभ्य साधन असते.

सर्वनामांकडे लक्ष द्यावे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. “आम्ही ठरवलं, मुंबईला न्यायचं,” असे मुलगा म्हणतो, तेव्हा त्या ‘आम्ही’मध्ये वडील आहेत का, हे विचारायला हवे. बहुतेकदा नसतात. वडील मात्र “आता आपण काय करणार?” असे म्हणतात, आणि त्या ‘आपण’मध्ये ते स्वतः असतात, मुलगा असतो आणि बहुधा समोर बसलेली तुम्हीही असता. इंग्रजीत दोन्हींचा एकच शब्द होतो, आणि निर्णयातून रुग्ण कसा वगळला गेला हे दाखवणारा पुरावा हरवतो. कर्मणी रचनाही अशीच बोलकी असते. “मला सांगण्यात आलं” हे “डॉक्टरांनी मला सांगितलं” याहून वेगळे आहे. सांगणारा कोण, हे बोलणाऱ्याने का टाळले, हा शोधण्याचा मुद्दा आहे. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणे प्रमाण मराठीत सुधारून लिहू नये. जमत नसेल तर त्या भागातील सहकाऱ्याला ध्वनिफीत ऐकवावी, पण समितीची तशी परवानगी आधी घेऊन.

‘मानसिक ताण’, ‘आर्थिक समस्या’, ‘सामाजिक आधार’, ‘आध्यात्मिकता’ ही आशयसूत्रे नव्हेत. ती कोणत्याही आजाराच्या कोणत्याही अभ्यासात, एकही मुलाखत न घेता लिहिता येतात. आशयसूत्राने काहीतरी म्हटले पाहिजे. ‘माहीत असून माहीत नसल्यासारखं’, ‘पैसा माझ्यावर जातोय’, ‘त्यांच्यासमोर रडायचं नाही’ अशी नावे सहभागींच्या बोलण्यातून उचलावीत आणि त्याखाली जमा झालेली सर्व अवतरणे पुन्हा वाचून, ती खरोखर तेथे बसतात का, हे पाहावे. न बसणारी दोन-तीन अवतरणे वेगळी ठेवावीत, ती फेकू नयेत. ‘मला सगळं सांगा’ असे पहिल्याच दिवशी म्हणणारा एखादा रुग्ण असतोच, आणि इतरांचे मौन समजायला त्याचाच उपयोग होतो.

लिंकन आणि गुबा यांनी १९८५ साली मांडलेले विश्वासार्हतेचे चार निकष परीक्षकांना पाठ असतात, म्हणून ते प्रबंधात यावेत. परंतु नुसती त्यांची नावे लिहून भागत नाही, प्रत्येकासाठी काय केले ते दाखवावे लागते. २००७ साली प्रसिद्ध झालेली कोरेक ही, मुलाखतींच्या अभ्यासाच्या अहवालात काय काय यावे याची बत्तीस मुद्द्यांची यादी लिहिताना शेजारी ठेवली, तर मुलाखत कोणी, कोठे, किती वेळ घेतली, असे तपशील सुटत नाहीत. कोलाइझी यांच्या पद्धतीत शेवटी निष्कर्ष घेऊन सहभागीकडे परत जावे लागते. गंभीर आजारात हे पाऊल जपून टाकावे. फोन करण्याआधी रुग्ण हयात आहे का, याची चौकशी वॉर्डमधून करून घ्यावी.

अवतरणांतून ओळख पटू देऊ नये. टोपणनाव दिले तरी ‘तालुक्यातील एका गावची निवृत्त मुख्याध्यापिका, स्तनाचा कॅन्सर, दोन मुलगे पुण्यात’ एवढे पुरेसे असते. त्या गावात ती एकच असते. दोन तपशील गाळावेत. प्रबंधात महत्त्वाच्या अवतरणांचे मूळ मराठी रूप देवनागरीत आणि त्याखाली अनुवाद, असे दोन्ही द्यावे, म्हणजे मराठी जाणणाऱ्या परीक्षकाला तुमचा अर्थ पडताळून पाहता येतो. दोन पानांचा सोपा सारांश वॉर्डच्या सिस्टर-इन-चार्जना द्यावा. तो ग्रंथालयातील प्रबंधापेक्षा अधिक वाचला जातो.

राहता राहिल्या ध्वनिफिती. त्या किती काळ जपायच्या आणि केव्हा पुसायच्या हे समितीला कळवलेले असते, पण एक गोष्ट संमतीपत्रात बहुतेक जण लिहायला विसरतात. रुग्ण गेल्यावर काही महिन्यांनी मुलीचा फोन येतो: “ताई, बाबांचा आवाज तुमच्याकडे आहे ना? मला मिळेल का?” त्या फितीत त्यांनी मुलीला कधीच न सांगितलेले काहीतरी असण्याची शक्यता असते. म्हणून संमती घेतानाच रुग्णाला विचारावे, की तुमच्यानंतर ही फीत घरच्यांनी मागितली तर द्यायची का, पूर्ण द्यायची की काही भाग, आणि कोणाला. त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत संमतीपत्रावर लिहून त्याखाली वेगळी सही घ्यावी.